मासा, पोपट आणि साखरेच्या गाठी

सणाच्या धंद्यात माणूस गिऱ्हाइकांपेक्षा किस्सेच जास्त गोळा करतो. किराणा दुकानात लोक रोज येतात, त्यांचं कोण लक्षात ठेवतं? आमच्याकडं लोक यायचे वर्षातनं एकदा-दोनदा, आणि तेही घरात काहीतरी चाललेलं असताना. कुणाच्या नातवाची पहिली होळी, कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत. गाठी निवडता निवडता घरचं सगळं बोलून मोकळे व्हायचे. त्यामुळं आजही चहाबरोबर कुणी बत्तासा पुढं केला की मला एक आठवतं, आणि त्याला धरून दुसरं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी लग्न होऊन मांडवगण फराट्याहून दौंडला आले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढं दुकान, मधे भट्टी, मागं राहायचं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, गाव त्यांना आप्पा म्हणायचं. सासूबाई म्हणजे आत्याबाई. आमचे हे माल घेऊन आठवड्याचे बाजार करायचे. भट्टीवर म्हाळू नावाचा कारागीर होता, मेंढरं विकून शेतीला लागलेल्या घरातला. एवढ्या माणसांवर सगळा कारखाना. संक्रांतीला हलवा आणि रेवड्या, होळी-पाडव्याला गाठी आणि कडं, जत्रांना बत्तासे. गाठी म्हणजे साखरेच्या पदकांची माळ, कडं म्हणजे साखरेचीच बांगडी. पाक घोटून पांढरा करायचा, सागवानी साच्यात दोरा ठेवून त्यावर ओतायचा, आणि गार झाला की साचा उघडायचा. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

*

पहिला किस्सा हलव्याचा, कारण मला घरात पहिलं काम तेच मिळालं.

हलवा थंडीतच होतो. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारे, वरनं चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पुन्हा पाक, पुन्हा हलवणं. असं करता करता तिळावर बारीक काटे उभे राहतात. हात थांबला की काटा बसला. म्हणून त्या खोलीत आत्याबाई कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. "तोंड चाललं की हात थांबतो," असं त्यांचं म्हणणं. हा नियम सगळ्यांना सारखा होता, त्यांना स्वतःलाही.

त्या संक्रांतीच्या आधी मामंजींनी भाचीच्या लग्नात एक पितळी हंडा देऊन टाकला. हंडा आत्याबाईंच्या माहेरचा. विचारलं नव्हतं. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, मग एका सकाळी आत्याबाई न्हाणीतनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अवो, हंडा कुठं हाय?"

मामंजी ओट्यावर दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा. ते उठले, तसेच हलव्याच्या खोलीत आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि परातीत हात घालून हलवायला लागले. आत्याबाई दारापर्यंत आल्या. तोंड उघडलं, परातीकडं बघितलं, तोंड मिटलं आणि परत गेल्या.

मामंजी दिवसभर तिथून हलले नाहीत. भाकरीही तिथंच खाल्ली. आत्याबाई मधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या, मामंजी खाली मान घालून हलवत राहायचे. इतका हलवा त्यांनी उभ्या जन्मात केला नसेल.

दिवस मावळायला आत्याबाई आत आल्या. हातात फडकं. एक शब्द न बोलता त्यांनी परात उचलून अंगणात नेली. परत आल्या, शेगडी उचलून नेली. मामंजी रिकाम्या जागेसमोर बसून राहिले. मग बाहेरनं आवाज आला, "या की बाहेर. आज गारठा चांगला पडलाय, काटा अंगणातच येतोय. आन् अंगणात बोलायला बंदी न्हाई."

*

दुष्काळाचं वर्ष आमच्या सगळ्यांच्या ध्यानात आहे. साखर रेशनवर मिळायची तेवढीच, खुल्या बाजारातली परवडत नव्हती. मामंजींनी ठरवलं, औंदा भट्टी पेटवायची नाही. साचे तेल लावून माळ्यावर ठेवले.

होळी जवळ आली तशा एका दुपारी कासुर्डीकडच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. प्रत्येकीच्या पदराला एक पुरचुंडी. त्यातली थोरली म्हणाली, "आप्पा, रेशनची साखर हाय. च्यात न घालता ठेवलीय. पोरांच्या गळ्यात गाठी पायजे."

मामंजी म्हणाले, "आक्का, एवढ्या साखरेची भट्टी लागत न्हाई."

"एकीच्या साखरेची न्हाई लागायची. समद्यांची एका जागी करा की."

मामंजींनी म्हाळूला माळ्यावरनं साचे काढायला सांगितलं. मोठे नव्हे, बाहुलीच्या गळ्यात घालतात तसले बारके. आत्याबाईंनी कढई पुढं केली आणि एकेक जण येऊन आपली पुरचुंडी तिच्यात सोडायला लागली. साखर सारखी नव्हती. कुणाची पिवळट, कुणाची ओलसर, एकीच्या साखरेत तिच्या पोरानं बोट घातल्याची खूण. सगळी एका कढईत गेली.

शेवटी एक राहिली. तरणी बाई, कडेवर लेकरू. तिच्या हातात पुरचुंडी नव्हती, बाभळीच्या फाट्यांची मोळी होती. तिनं ती भिंतीला लावून ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली. बाकीच्या जणी जमिनीकडं बघायला लागल्या.

मामंजी मोळीपाशी गेले. एक फाटा काढून मोडून बघितला. कडकन मोडला. "वाळलेली हाय," ते म्हणाले. "जळण कुणी आणलंय का म्हणून मी मघापासून बघतोय. साखर काय उन्हात शिजती व्हय? ये पुढं."

त्या दिवशी सगळ्यांना सारखीच गाठी मिळाली. तिला दोन पदकं जास्त द्यावीत असं माझ्या मनात आलं होतं. मी आत्याबाईंच्या कानात तसं म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "येडी हायस का? मग ती भीक झाली की."

*

आता मामंजींच्या वैऱ्याची गोष्ट. शिरूरला गुलाबशेठ म्हणून गाठीवाले होते. मांडवगणच्या बाजारात दोघांची दुकानं शेजारी शेजारी लागायची, पण बोलणं नाही. बोलायचे ते गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. मामंजी म्हणायचे, "शिरूरची गाठी म्हंजी शाळेतला खडू." गुलाबशेठ म्हणायचे, "दौंडची गाठी कशी असती, तर रेल्वेचा कोळसा धुऊन पांढरा केलेला."

आमच्या गाठीच्या मधल्या पदकावर पोपट असायचा. त्यांच्या पदकावर मासा. लोक पोपटवाले आणि मासेवाले म्हणूनच ओळखायचे.

एका वर्षी होळीच्या तोंडावर आमच्या ह्यांनी साचे धुतले आणि वाळायला कडक उन्हात ठेवले. सागवान झालं तरी लाकूडच ते. दुपारपर्यंत मोठे साचे सगळे तडकले. सुतार म्हणाला, होळी झाल्यावर देतो. मामंजी ह्यांना एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यामुळंच हे दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं आणि शिरूरची एसटी धरली.

गुलाबशेठनी त्यांना गादीवर बसवलं. पाणी दिलं, चहा दिला. "बोला आप्पा. शिरूरला कसं काय येणं केलं?"

"साचे तडकले."

गुलाबशेठ हसले नाहीत, हे मामंजींनी नंतर आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. ते उठले, आत गेले आणि साच्यांची जोडी घेऊन आले. "न्या. पण बघून घ्या, मासा हाय."

त्या होळीला सगळ्या दौंडनं मासा खाल्ला. मामंजी गल्ल्यावर मान खाली घालून बसायचे. एक जुनं गिऱ्हाईक गाठी उजेडात धरून म्हणालं, "आप्पा, औंदा लई बेस झालीय. पोपटापरीस मासा खुलून दिसतोय." मामंजींनी त्याला बसायला सुद्धा सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी नवे साचे आले, पुन्हा पोपटाचे. लोक दुकानात यायचे, बघायचे आणि विचारायचे, "मासा न्हाई व्हय?" शेवटी मामंजींनी हार मानली आणि सुताराला मासा कोरायला सांगितला. पण चोरी नको म्हणून गुलाबशेठना सांगायला पुन्हा शिरूरला गेले. दुकानासमोर पोचले आणि बघतच राहिले. दारात माळा टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक माळेत पोपट.

गुलाबशेठ गादीवरनं म्हणाले, "काय करणार आप्पा? तुमचा साचा तडकला तवा मला वाटलं, पोपट आता मोकळा झाला."

*

म्हाळूच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. म्हातारा ऐंशीच्या घरातला, तोंडात दात नाही, अंगावर उन्हाळ्यातही घोंगडी. घरात शब्द त्यांचाच चालायचा, आणि तो शब्द बहुतेक वेळा "न्हाई" असायचा.

वर्षातनं एक सकाळ मात्र ते गप्प असायचे, पाडव्याची. गुढी उभी राहिली की म्हाळू त्यांना गाठीचं मोठं पदक द्यायचा. आबा ते गालात धरायचे आणि दुपारपर्यंत चघळत बसायचे. दात नसलेल्या माणसाला गाठी फार पुरते. रस गिळायच्या नादात त्यांना बोलता यायचं नाही.

घरातल्यांनी ही सकाळ बरोबर हेरली होती. वर्षभर अडलेलं सगळं पाडव्याला विचारायचं. विहिरीवर इंजिन बसवायचं का? आबा चघळतात. म्हणजे बसवायचं. धाकट्या नातीला शाळेत घालायचं का? आबा चघळतात. घातली शाळेत. ती नात पुढं नर्स झाली, हे सगळं गाठीच्या जोरावर.

एका पाडव्याला म्हाळूनं धीर केला आणि विचारलं, "आबा, कुत्री विकून टाकू का? आता मेंढरं न्हाईत तर राखायचं काय?"

आबांनी पदक तोंडातनं काढलं. धोतराच्या सोग्यात नीट गुंडाळलं. म्हणाले, "न्हाई." मग सोगा सोडला, पदक झटकलं आणि परत गालात ठेवलं.

*

ह्याच आबांचा आणखी एक सांगते.

केडगावच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मरियमबाई एकदा नाताळाच्या आधी दुकानात आल्या. मऊ बोलणाऱ्या, पण जे हवं ते घेऊनच जाणाऱ्या. त्यांच्या हातात कुठल्यातरी नाताळच्या कार्डाचं चित्र होतं. साखरेची काठी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, वरची मूठ वाकडी. "आप्पा, मुलींसाठी अशा करून द्याल का?"

मामंजींना नवीन काम म्हटलं की हुरूप यायचा. रेवडीसाठी पाक खुंटीवर ओढतात तसा ओढला, तांबडा पाक वेगळा ओढला, दोन्हीला पीळ दिला. पट्टे झकास उमटले. पण मूठ काही वळेना. पाक गरम असला की लोंबायचा, गार झाला की मोडायचा. दुपारपर्यंत मोडक्या काठ्यांची टोपली भरली.

मरियमबाई बघायला आल्या तेव्हा मामंजी म्हणाले, "बाई, सरळच ठेवली तर चालंल का? सरळ काठी शोभून दिसती."

"नको आप्पा. वाकडीच पाहिजे. ती मेंढपाळाची काठी आहे."

खुंटीपाशी म्हाळू पाक ओढत होता. त्याचा हात थांबला. "मेंढपाळाची? हितं मेंढपाळ कुठनं आला?"

"येशू जन्मला ना, त्याची बातमी देवदूतांनी सगळ्यात आधी मेंढपाळांना दिली. ते रानात मेंढरं राखत होते."

"राजाला न्हाई?"

"नाही. राजाला नंतर कळलं."

म्हाळूनं पाक खुंटीला तसाच टांगला. हात धुऊन आला. मामंजींसमोरची काठी उचलली, जरा भट्टीची धग दिली आणि अंगठ्याभोवती अशी वळवली की मूठ तयार. घरी धनगरी आकडी होती, वाकड्या मुठीची काठी, तिचा बाक त्याच्या हाताला ठाऊक होता. मग उरलेल्या सगळ्या काठ्या त्यानंच वळवल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मरियमबाईंनी जाताना एक काठी काढून त्याच्या हातात दिली.

ती घेऊन तो घरी गेला. आबा ओसरीवर बसले होते. म्हाळूनं काठी त्यांच्या हातात दिली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आबा, देव जल्मला तवा पयली खबर आपल्यासारख्यांना दिली व्हती. रानात मेंढरं राखत व्हते, तिथं देवाचा दूत आला. आन् समदे लगोलग देवाला बघायला गेले."

आबांनी काठी उलटसुलट करून बघितली.

"समदे गेले?"

"व्हय, समदे."

"मग मेंढरं कुणाच्या हवाली केली?"

*

रेल्वेत फिटर असलेले यशवंतराव आमच्याकडं गाठी घ्यायला कधी येत नसत. बत्तासे न्यायचे, गाठी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, माझी आई गावाकडं होळीला गाठी मागायला जायची. वरनं पदरात टाकायचे. आईनं ती खाल्ली, पण मला कधी दिली न्हाई. म्हणाली, तुला हातात मिळंल तवा खा."

त्यानंतर काही महिन्यांनी ते स्वतः दुकानात येऊन मामंजींसमोर बसले. "आप्पा, चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत पोरांना गाठी वाटायच्यात. पण पदकावर पोपट नको आन् मासा बी नको. अशोकचक्र पायजे."

"साचा नवा करावा लागंल."

"करा. चित्र मी काढून देतो."

त्यांनी कागदावर परकारानं चक्र काढून दिलं. सुतारानं काम सोपं व्हावं म्हणून आऱ्या कमी कोरल्या. यशवंतरावांनी साचा हातात घेतला, बोटानं मोजलं आणि परत पाठवला. दुसऱ्यांदा पुऱ्या चोवीस आल्या. पाक इतक्या बारीक रेघांत उतरतो का, ही मामंजींना धास्ती. म्हाळूनं पाक जरा पातळ ठेवला, आणि पहिली गाठी निघाली ती अशी की आत्याबाईंनी देव्हाऱ्यापुढचा दिवा जवळ आणून बघितली. जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात ती माळ होती. यशवंतरावांच्या आईच्या गळ्यातही.

गोष्ट पुढच्या पाडव्याची. तालुक्यातले एक मोठे बागाईतदार जीप घेऊन दुकानात आले. दारात दोन-चार माळा नमुन्याला टांगलेल्या, त्यात चक्राची एक होती. त्यांची नजर तिच्यावर गेली. "आप्पा, ही बेस हाय. झेंड्यावर असतं तसं चक्र. औंदा आमच्या गुढीला हीच द्या, आन् गड्यांना वाटायला बी हीच."

ऑर्डर मोठी होती. आमचे हे साचा काढायला उठलेसुद्धा. मामंजींनी त्यांना हातानं थांबवलं. "साचा दुसऱ्यांचा हाय. इचारून सांगतो."

"अवो, साचा तुमच्या घरात हाय आन् इचारायचं कुणाला?"

"ज्यांचा हाय त्यांना."

मामंजी संध्याकाळी रेल्वेच्या चाळीत गेले. यशवंतराव ड्युटीवरनं येऊन हातपाय धूत होते. सगळं ऐकून घेतलं. टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाले, "द्या की आप्पा. साखर काय कुणाची एकट्याची न्हाई. फकस्त देताना सांगा, साचा कुणाचा हाय आन् कशासाठी केला."

दुसऱ्या दिवशी जीप आली. मामंजींनी गाठी बांधायला घेण्याआधी सगळं सांगितलं. जयंतीचा साचा, रेल्वेच्या चाळीतल्या यशवंतरावांचा, त्यांनी परवानगी दिली म्हणून देतोय. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

बागाईतदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"बांधा," ते म्हणाले.

*

आता शेवटचा सांगते. हा मी फार कमी जणांना सांगितला आहे.

आमच्याकडं रीत अशी, की लग्न ठरलेल्या मुलीला होळीला सासरहून गाठी-कडं यायचं. कासुर्डीच्या कमलचं लग्न माझ्या माहेरी, मांडवगणला, ठरलं होतं. तिची होणारी सासू ताराबाई आमच्याच आळीतली, मी तिला लहानपणापासून ओळखत होते. सुपारी फुटली आणि थोड्याच दिवसांत मुलाला पिंपरीच्या कंपनीत नोकरी लागली. तेव्हापासून मांडवगणहून कुणाचं येणं नाही, निरोप नाही. लोक बोलायला लागले, आता त्यांना शहरातली पोरगी पायजे असंल. कमलचे वडील मानी माणूस. त्यांनी घरात सांगून टाकलं, होळीला गाठी आली नाही तर मीच लग्न मोडलं असं समजा.

होळीच्या आधी कमल एकटी दुकानात आली. खुरपणीला जाऊन जाऊन काळवंडलेली. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून म्हणाली, "वहिनी, समद्यात मोठी गाठी द्या. पाच पदकांची. आन् कडं. होळीच्या दिवशी आमच्या घरी पोचवा आन् सांगा, मांडवगणहून आलीय."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हणाले, "अगं, आन् त्यांची खरंच आली तर?"

"आली तर बरंच हाय की."

"आन् त्यांच्या मनात नसंलच तर?"

"नसंल तर त्यांनी मोडावं, वहिनी. माझ्या बापानं गाठीपायी मोडू नये."

ती मुलाला एकदाच भेटली होती, बघायच्या कार्यक्रमात. तरी एवढा जीव कशापायी, हे मी विचारलं नाही.

होळीच्या दिवशी हे कासुर्डीच्या बाजूला माल विकायला निघाले, मी बरोबर गेले. ह्यांना वेशीजवळ दुकान लावू दिलं आणि टोपली घेऊन कमलच्या घरी पोचले. दारात तिचे वडील. मी पढवल्याप्रमाणं बोलले. त्यांनी गाठी दोन्ही हातांत घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली, आणि त्या माणसाचा चेहरा असा सैल पडला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी गाठी दाराजवळच्या खुंटीला टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मला घोंगडी टाकली. आत चहा ठेवायला सांगितला.

चहा व्हायच्या आतच रस्त्यावरनं एक बाई येताना दिसली. उन्हातनं चालत आलेली, तोंड लाल, हातात पिशवी. ताराबाई.

"उशीर झाला भाऊ," ती दारातनंच म्हणाली. "एसटी चुकली." आणि पिशवीतनं गाठी काढली. आमच्यापेक्षा लहान होती.

कमलच्या वडिलांनी तिच्याकडं बघितलं, मग खुंटीकडं. "ताराबाई, तुमची गाठी तर मघाशीच आली."

ताराबाईनं खुंटीवरच्या गाठीकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिनं मला ओळखलं, आणि गाठीवाल्यांची सून म्हणूनही ओळखलं. माझ्या डोक्यात खोटं तयार होतं, दोन पाठवल्या होत्या म्हणून सांगायचं. पण तोंड उघडायच्या आत कमल चुलीपुढनं उठून बाहेर आली. हात पदराला पुसले.

"ती मी आणलीय," ती म्हणाली. "तुमच्या नावानं."

वडिलांनी मेढीच्या लाकडी खांबाला हात टेकला. आत चुलीवर चहा उतू गेला, त्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

ताराबाईनं पिशवी खाली ठेवली. "माझ्या नावानं आणलीस?"

"व्हय."

"म्हंजी माझीच की मग."

ती खुंटीपाशी गेली. पाच पदकांची गाठी काढली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून स्वतःच्या गळ्यात घातली. पदकं पार पोटापर्यंत आली. मग पिशवीवरची आपली लहान गाठी उचलली, कमलच्या गळ्यात घातली आणि दोरा मानेमागं नीट बसवला.

नंतर माझ्या शेजारी घोंगडीवर टेकली, पाय लांब केले आणि आत बघत म्हणाली, "कमल, च्या नवा टाक. साखर बेतानं घाल."